सेंद्रिय कर्ब ०.४ आला, आता काय? जमिनीच्या सुपीकतेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृदा आरोग्य पत्रिकेची योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झाली. त्या पत्रिकेवर बारा आकडे असतात, पण शेतकऱ्याचं बोट जातं ते एकाच आकड्यावर: सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीतल्या सेंद्रिय कार्बनचं टक्क्यांतलं प्रमाण. हा शब्द गावोगाव पोचला, हे चांगलंच झालं. त्याच्या मागोमाग कर्ब वाढवून देणाऱ्या बाटल्या आणि पुड्याही पोचल्या, त्याचं मात्र काय करावं कळत नाही. खालचे बरेच प्रश्न काळ्या जमिनीचे आहेत, कारण विचारणारे बहुतेक तिथलेच. कोकणाचं वेगळं उत्तर वाटेत आहे.

सेंद्रिय कर्ब म्हणजे शेणखतच ना?

शेणखत हा कच्चा माल झाला. मुळं, पालापाचोळा, शेण, मेलेले किडे, जिवाणू, बुरशी हे सगळं मातीत कुजतं आणि त्यातला थोडा भाग मातीच्या कणांना चिकटून उरतो. कुजून काळपट झालेल्या, मातीत मुरलेल्या त्या सगळ्या मालाला सेंद्रिय पदार्थ म्हणायचं. त्यात साधारण ५८ टक्के कर्ब असतो असं धरतात. म्हणून अहवालातला कर्बाचा आकडा १.७२४ ने गुणला की सेंद्रिय पदार्थाचा आकडा मिळतो. एखादा माणूस ०.७ सांगतो आणि शेजारी ०.४, तेव्हा दोघांची जमीन सारखीच असू शकते. एक पदार्थ सांगतोय, दुसरा कर्ब.

माझा कर्ब ०.४२ आला. जमीन खलास झाली का?

नाही. देशभरातली ढोबळ वर्गवारी अशी: ०.५ टक्क्यांच्या खाली कमी, ०.५ ते ०.७५ मध्यम, त्यावर जास्त. आपल्याकडच्या कृषी विद्यापीठांच्या सहा गटांच्या वर्गवारीत ०.४१ ते ०.६० हा मध्यम गट आहे. म्हणजे तोच ०.४२ एका तक्त्यात 'कमी' आणि दुसऱ्यात 'मध्यम'. आधी तुमच्या अहवालाच्या मागे कोणता तक्ता छापलाय तो बघा.

अवर्षणग्रस्त पट्ट्यातल्या हलक्या, मुरमाड माळरानावर ०.४ हा आकडा वाईट नाही. तोच आकडा भारी काळ्या, बागायती जमिनीत दिसला तर काहीतरी चुकतंय, कारण चिकणमाती कर्ब धरून ठेवते आणि मुरूम धरू शकत नाही. तुलना करायचीच तर बांधाच्या आतली आणि बांधावरची माती तपासा. बांधावर नांगर जात नाही, गवत तिथंच वाढतं आणि तिथंच कुजतं. तुमच्या जमिनीची कर्ब धरण्याची ताकद किती आहे, याचा अंदाज त्या फरकावरून येतो.

कृषी सेवा केंद्रवाला म्हणतो, एका हंगामात ०.४ चा १ करून देतो. होतं का असं?

कागद-पेन्सिल घ्या. एक एकराचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर म्हणजे साधारण ९ लाख किलो माती. ०.४ टक्के म्हणजे त्यात ३,६०० किलो कर्ब. तो १ टक्का करायचा तर आणखी ५,४०० किलो कर्ब मातीत *टिकायला* हवा. नुसता टाकून भागत नाही.

आता शेणखत. त्यात निम्मं पाणी, उरलेल्यात बरीच राख आणि माती. एका टनात कर्ब निघतो जेमतेम दीडशे किलो. त्यातला बहुतेक भाग जिवाणू एक-दोन वर्षांत खातात आणि कर्बवायू करून हवेत सोडून देतात. दहा ते वीस टक्के टिकला असं धरलं तर टनामागे हाती लागतात १५ ते ३० किलो. २५ धरा. ५,४०० किलोंसाठी दोनशे टनांहून जास्त शेणखत लागेल, म्हणजे तीन टनी ट्रॉली धरली तर सत्तरच्या वर ट्रॉल्या. एका एकरात. आणि यात आधीच्या कर्बाची दरवर्षी होणारी झीज धरलेलीच नाही.

आता बाटली. १२ टक्के ह्युमिक आम्लाच्या एक लिटर बाटलीत तो पदार्थ भरतो साधारण १२० ग्रॅम. साडेतीन हजार किलोंच्या ढिगावर १२० ग्रॅम. त्या बाटलीने मुळं जोमानं वाढली, असा अनुभव कुणी सांगितला तर मी वाद घालणार नाही, काही पिकांत तसं होतं. पण ती कर्ब वाढवते, हा दावा चौथीच्या गणितात नापास होतो.

आपल्याकडे हे काम आणखी अवघड आहे ते हवामानामुळे. तापमान दहा अंशांनी वाढलं की कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात १८५२ साली बार्लीचा एक प्रयोग सुरू झाला. त्यातल्या एका वाफ्याला वीस वर्षं, १८७१ पर्यंत, दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत दिलं आणि मग कायमचं थांबवलं. कधीच शेणखत न मिळालेल्या शेजारच्या वाफ्यापेक्षा तिथला कर्ब शंभर वर्षांनंतरही जास्त भरत होता. पण ती थंड हवेची गोष्ट. सोलापूरच्या मे महिन्यात उघड्या पडलेल्या शेतात ती शिल्लक इतकी वर्षं टिकत नाही.

मग शेणखत टाकायचं तरी कशाला?

कारण फायदा मिळायला आकडा हलण्याची वाट बघावी लागत नाही. हे नीट समजलं तर निम्मे प्रश्न सुटतात.

कर्ब साठून राहण्याचा जेवढा फायदा, तेवढाच तो *कुजण्याचा* आहे. जिवाणू शेणखत खातात तेव्हा त्यातलं नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), गंधक पिकाला मोकळं होतं. खाताना ते चिकट पदार्थ सोडतात, त्यांनी मातीचे कण एकमेकांना धरतात, ढेकूळ हातात घेतलं की रवाळ फुटतं. पहिल्या पावसाने जमिनीवर पापडी धरत नाही, सोयाबीनची उगवण अडत नाही. हे सगळं पहिल्याच वर्षी दिसतं, अहवालातला ०.४२ जागचा हललेला नसतानाही. चूल पेटती ठेवायला रोज लाकूड घालावं लागतं, कोपऱ्यात लाकडाची रास किती उंच झाली याने भाकरी भाजत नाही.

शेणखतातून अन्नद्रव्य किती मिळतं, तेही बघा. चांगल्या कुजलेल्या एका टनात साधारण ५ किलो नत्र, दोन-अडीच किलो स्फुरद, ५ किलो पालाश (पोटॅश). नत्रातला थोडाच भाग पहिल्या हंगामात हाती येतो. युरियाच्या ४५ किलोंच्या एका पिशवीत नत्र असतं २० किलोंच्या वर. नुसत्या नत्राचा हिशेब केला तर शेणखत महागच पडतं. ते नत्रासाठी विकत घेऊ नये, हे माझं मत.

उकिरड्यातलं खत चालेल ना?

ते किती दिवस उन्हात पडलंय त्यावर आहे. उघड्या उकिरड्यातून अमोनिया उडतो, पावसात पालाश वाहून जातं, आणि शेवटी शेतात जातं ते तणाचं बी, हुमणीच्या अळ्या आणि प्लॅस्टिक. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ नंतर इंदुरात, आपल्यासारख्याच काळ्या कापसाच्या जमिनीच्या मुलखात, काडीकचरा, शेण आणि गोठ्यातली मूत्र मुरलेली माती थर लावून, ओलावा ठेवून, ठरावीक दिवसांनी उलथून साधारण तीन महिन्यांत खत तयार करायची पद्धत बसवली. ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. आपण मात्र उकिरड्यावरच राहिलो. निदान सावली करा, वरून मातीचा थर द्या आणि पाणी मारून एकदा तरी खालीवर करा.

कोकणात कर्ब सहज एकच्या वर येतो. मग तिथं पिकांचा ढीग का लागत नाही?

हा प्रश्न विचारणाऱ्याने खरं मर्म पकडलंय. दापोली, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, खाली गोव्यापर्यंत जांभ्याची लाल जमीन. झाडोरा भरपूर, पालापाचोळा भरपूर, म्हणून कर्ब भरपूर. पण तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस त्या मातीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेतो आणि जमीन आम्ल होते. जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं भरलेली. ती स्फुरद असं घट्ट पकडतात की टाकलेल्या खतातलंही पिकाला पुरतं मिळत नाही. खतावरचा खर्च मातीच गिळते.

म्हणजे कर्ब हा सुपीकतेचा एक आकडा आहे, सुपीकता नव्हे. काळ्या जमिनीत अडचण उलटी: तिथं चुना स्फुरदाला बांधतो आणि लोह, जस्त हाती लागू देत नाही. कर्बाचा आकडा वाचताना शेजारचा सामू (पीएच, म्हणजे जमीन आम्ल की विम्ल ते सांगणारा आकडा) झाकून ठेवू नका.

कोकणातल्या भातासाठी चारसूत्री पद्धतीत चिखलणीच्या वेळी गिरिपुष्पाचा हिरवा पाला हेक्टरी ३ टन गाडायला सांगितलाय. बांधावर गिरिपुष्प लावलं की तो पाला फुकट मिळतो. भाताच्या रोपांसाठी राब भाजताना जाळला जाणारा पाला बघितला की मला अजूनही हळहळ वाटते. भाजण्यामागे तण मारायचं कारण आहे, हे कबूल करूनही.

शेतात उसाचं पाचट ठेवलं आणि खोडवा पिवळा पडला. पाचट विषारी असतं का?

विषारी नाही, भुकेलं असतं. जिवाणूंना कर्बाबरोबर नत्रही लागतं. स्थिरावलेल्या मातीत कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण दहा-बाराला एक असतं, पाचटात ते शंभराच्या आसपास जातं. एवढा कर्ब पचवायला लागणारं नत्र जिवाणू मातीतून उचलतात, आणि उसाच्या ताटातलं जेवण आधी त्यांच्या पोटात जातं. काही आठवड्यांनी ते जिवाणू मरतात, नत्र परत मोकळं होतं. तोवर ऊस पिवळा.

त्यावरची शिफारस जुनी आणि खात्रीची आहे: दर टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक, आणि वर ओल. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं, त्यावरून हिशेब करा. काडी लावली तर त्यातलं जवळजवळ सगळं नत्र आणि बरंचसं गंधक धुरात जातं, बुडख्यांनाही झळ बसते. गव्हाचं काड, तुराट्या, पऱ्हाटी यांनाही हाच नियम. सोयाबीनचं कुटार त्यामानाने लवकर मुरतं.

हिरवळीचं खत म्हणून धैंचा-ताग गाडला तर कर्ब किती वाढेल?

फारसा नाही, आणि त्यासाठी गाडायचाही नाही. कोवळा, रसरशीत पाला दीड-दोन महिन्यांत विरघळून जातो. त्यातून मिळतं ते नत्र आणि जिवाणूंना मेजवानी. फुलावर येताना, ४०-४५ दिवसांनी, गाडा. उशीर केलात तर ताग दोरखंडासारखा होतो आणि रोटाव्हेटरला गुंडाळतो.

टिकाऊ कर्ब हवा असेल तर मुळांकडे बघा. वरच्या पाल्यापेक्षा मुळांतला कर्ब मातीत कितीतरी जास्त टिकतो, कारण मुळं कणांच्या आतच वाढतात आणि आतच कुजतात. ज्वारी-तुरीसारखी, खोल मुळांची आंतरपिकं यात सोयाबीनपेक्षा सरस. 'बेवड चांगला', म्हणजे आधीच्या पिकाने रान चांगलं करून ठेवलंय, असं म्हणणाऱ्या जुन्या माणसांना यातलं बरंच ठाऊक होतं.

हैदराबादजवळ पटनचेरूला, इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या काळ्या जमिनीत १९७६ पासून एक प्रयोग चालू आहे. एका बाजूला जुनी पद्धत, पावसाळ्यात पड ठेवून रब्बीला पीक. दुसऱ्या बाजूला रुंद वरंबे, पाण्याचा निचरा, ज्वारी-तूर, माफक खत. सुधारित बाजूला हेक्टरी पाच टनांच्या आसपास धान्य आणि जुन्या बाजूला एक टनाच्या आसपास, असा फरक वर्षानुवर्षं राहिला. कर्बही सुधारित बाजूलाच जास्त साठला, हेक्टरी वर्षाला तीनशे किलोंच्या पुढे. पीक वाढलं म्हणून मुळं वाढली आणि मुळं वाढली म्हणून कर्ब वाढला. आपण बहुतेक वेळा हे वाक्य उलटं वाचतो.

नुसत्या जीवामृतावर भागेल का?

जीवामृत म्हणजे दोनशे लिटर पाण्यात १० किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन. यातलं एकूण नत्र पाव किलोच्या आसपास भरतं. रब्बी-खरिपाच्या कुठल्याही धान्याला एकरी दहा-वीस-तीस किलो तरी नत्र लागतं. उरलेलं येणार कुठून? मातीतून. ०.५ टक्के कर्बाच्या जमिनीत एकरी साधारण ४०० किलो नत्र सेंद्रिय रूपात बांधलेलं असतं आणि वर्षाला त्यातलं दोन-तीन टक्के मोकळं होतं, म्हणजे आठ-बारा किलो. जीवामृत, आच्छादन आणि द्विदल पीक एकत्र असेल तर हलक्या उत्पादनाला ते पुरू शकतं. एकरी ऐंशी टन ऊस त्यावर काढायचा असेल तर तो मातीच्या ठेवीतून काढताय, हे लक्षात ठेवा.

रासायनिक खतांनी जमीन मरते म्हणतात.

एकांगी खतांनी बिघडते, हे खरं. देशात १९७० पासून दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहेत. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातला ज्वारी-गव्हाचा प्रयोग त्यातलाच. जागोजागी दिसलेलं चित्र असं: वर्षानुवर्षं नुसता युरिया दिलेले वाफे खाली घसरले. नत्र, स्फुरद, पालाश समतोल दिलेल्या वाफ्यांत उत्पादन टिकलं आणि कर्ब घसरला नाही, कुठंकुठं थोडा वाढलाही. त्यावर शेणखत दिलेले वाफे सगळ्यांत वरचढ राहिले. खत दिलेल्या वाफ्यात कर्ब वाढतो, हे ऐकून सेंद्रियवाले रागावतात आणि शेणखताचा वाफा पहिला येतो हे ऐकून खतवाले गप्प बसतात.

कर्ब वाढला की जमीन लाखो लिटर पाणी धरते ना?

समाजमाध्यमांवर फिरणारा आकडा फुगवलेला आहे. २०१८ साली मिनास्नी आणि मॅकब्रॅटनी या शास्त्रज्ञांनी जगभरातल्या ५०,००० हून अधिक नोंदी तपासल्या. कर्ब पूर्ण १ टक्क्याने वाढला तर दर १०० मिलिमीटर मातीत पिकाला मिळणारं पाणी सरासरी सव्वा मिलिमीटरही वाढत नाही. १५ सेंटिमीटरच्या थरासाठी एकरी सात हजार लिटर, म्हणजे मोठा टँकरही भरत नाही. रेताड जमिनीत फायदा जास्त, चिकण जमिनीत नगण्य.

खरा फायदा पाणी *मुरण्यात* आहे. पापडी नसलेली, आच्छादन असलेली जमीन वळवाची सर पिऊन घेते, नाहीतर तेच पाणी बांध फोडून ओढ्याला जातं.

गाळ टाकू का?

हलकी, मुरमाड जमीन असेल तर जरूर. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतून उचललेल्या गाळाने अशा रानांचं रूप बदललंय, कारण चिकणमाती वाढली. भारी काळ्यात गाळ टाकणं म्हणजे निचऱ्याचा गळा दाबणं. आणि आधी गाळ तपासा, काही तलावांचा गाळ चुनखडीचा किंवा खारवट असतो.

उसावर केवडा आलाय. कर्ब कमी म्हणून का?

केवडा म्हणजे लोहाची कमतरता. मातीत लोह असतं, चुना आणि वरचढ सामू ते विरघळू देत नाही. हेक्टरी २५ किलो हिराकस (फेरस सल्फेट) शेणखतात एकास दहा प्रमाणात मिसळून पाच-सहा दिवस मुरवून सरीत द्या. इथं शेणखत औषधाला अनुपान लागतं तसं काम करतं. रान पाणथळ असेल तर आधी चर काढा, पाणी साचलेल्या रानात केवडा जास्त.

नांगरट बंद केली तर?

नेरळच्या सगुणा बागेतून पसरलेल्या भाताच्या एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) पद्धतीत गादीवाफे कायम ठेवतात, चिखलणी करत नाहीत आणि मुळं जमिनीतच राहू देतात. कोकणात ती चालते. त्यात तणनाशकावर भर आहे, तो पटतो का ते तुमचं तुम्ही ठरवा. काळ्या जमिनीत हराळी-लव्हाळा असेल तर एकदम नांगर सोडू नका. रोटाव्हेटरच्या चार पाळ्या मात्र आजच दोनवर आणा. नांगर न घातलेल्या शेतात वरच्या पाच सेंटिमीटरमध्ये कर्ब झपाट्याने वाढलेला दिसतो, त्यातला बराच भाग पूर्वी खालीवर मिसळला जायचा तोच असतो.

दोन प्रयोगशाळांनी एकाच मातीचे वेगळे आकडे दिले. कोण खोटं बोलतंय?

बहुधा कुणीच नाही. बहुतेक ठिकाणी कर्ब १९३४ साली वॉकली आणि ब्लॅक यांनी दिलेल्या पद्धतीने मोजतात: पोटॅशियम डायक्रोमेट आणि गंधकाम्ल. त्यात सगळा कर्ब जळत नाही, सरासरी ७७ टक्केच जळतो, म्हणून आकडा १.३ ने वाढवतात. कुणी वाढवतं, कुणी विसरतं. शिवाय पुष्कळ ठिकाणी 'उपलब्ध नत्र' वेगळं न मोजता कर्बावरूनच लिहून देतात. वेगळं मोजायची जी पद्धत आहे ती सुब्बैया आणि असिजा या भारतीय शास्त्रज्ञांनी १९५६ साली दिली. 'नत्र मोजलं की काढलं?' एवढं विचारा, समोरचा तुमच्याकडे आदराने बघेल.

तरीही माझ्या अनुभवात मोठा घोळ असतो तो नमुन्याचा.

मग नमुना कसा घ्यायचा?

पीक निघाल्यावर, खत टाकायच्या आधी. जमिनीचा रंग-उतार बदलतो तिथं वेगळा नमुना. नागमोडी चालत आठ-दहा जागी इंग्रजी 'व्ही'सारखा १५-२० सेंटिमीटरचा खड्डा, कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासून घ्यायची. बांध, विहीर, झाड, उकिरड्याची जागा टाळायची. सगळी माती घमेल्यात मिसळून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी लोखंडी घमेलं नको, प्लॅस्टिकचं घ्या. वाळवणं सावलीत. दर दोन-तीन वर्षांनी, त्याच महिन्यात आणि शक्यतो त्याच प्रयोगशाळेत.

आणि माती युरियाच्या रिकाम्या पोत्यात घालून आणू नका. तसा नमुना आला की नत्राचा आकडा बघून आम्हा प्रयोगशाळेतल्या लोकांना क्षणभर वाटतं, महाराष्ट्रातलं सगळ्यांत सुपीक रान सापडलं.